दप्तरी दाखल

“काका, सेहेचाळीस आवक क्रमांक द्या,” मुलगी म्हणाली आणि तिनं खिडकीच्या फळीवर शाळेचं एक दप्तर ठेवलं.

आवक कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. पोरगी ओळखीची होती. कॉलेजातली, एकोणीस-वीसची. चार महिने दर सोमवारी हजर. शेजारची खिडकी रिकामी असली तरी ही बया याच्याच खिडकीशी रांग लावायची. नशीबच फुटकं, असं तो मनात म्हणायचा. आज तिच्या पाठीमागे वीसेक पोरंपोरी होती आणि प्रत्येकाकडे दोन-दोन, तीन-तीन दप्तरं. कुणाच्या खांद्याला, कुणाच्या गळ्यात.

“हे काय? शाळा भरवायचीय का इथं?”

“तुमच्याच खात्याचं उत्तर आहे, काका.” तिनं कागद पुढे सरकवला.

कागद त्यानंच टाइप करून धाडला होता. मुलांचा अर्ज साधा होता. परदेशातल्या एका लढाईत एका फौजेचे तोफगोळे शाळेवर पडले, सेहेचाळीस मुलं गेली. गोळे आपल्याकडच्या कारखान्यातले होते. शाळांवरचा मारा थांबेपर्यंत त्या फौजेला दारूगोळा विकू नका, एवढंच मागणं. मंत्र्यांनी अर्ज वाचला की नाही देव जाणे, शेरा मात्र मारला होता : ‘अर्ज दप्तरी दाखल करावा.’ सरकारी भाषेत त्याचा अर्थ एकच. फाइल बांधा, तळघरातल्या कपाटात टाका आणि विसरा. चौतीस वर्षांत त्यानं असे हजारो कागद खाली पाठवले होते. आणि आज बारा वाजता, वरच्या मजल्यावर, त्याच फौजेशी पुढच्या वर्षाच्या करारावर सही व्हायची होती. घड्याळात साडेदहा झाले होते.

“दप्तरी दाखल करा म्हणालात,” मुलगी म्हणाली, “म्हणून दप्तरं आणली. प्रत्येकात एकेक अर्ज आहे.”

कारकून खो खो हसला. “अगं वेडाबाई, दप्तरी म्हणजे…”

बोलता बोलता त्याचा हात दप्तरावर पडला. जुनं होतं, स्वच्छ धुतलेलं, पट्टा नव्यानं शिवलेला. पोरांनी आपापली लहानपणची दप्तरं माळ्यावरून काढून आणली होती. कप्प्यावर कापडाची पट्टी, पट्टीवर त्या गेलेल्या सेहेचाळीस मुलांपैकी एका मुलीचं नाव. दुसरी ब, बाक तिसरा. त्यानं पुढचं पाहिलं. पहिली अ, बाक पहिला. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. वाक्यही तसंच राहिलं.

टेबलावरचा फोन खणखणला. मंत्र्यांचा स्वीय सहायक होता. “काय तमाशा लावलाय खाली? त्या कार्ट्यांना बाहेर काढा.”

निवृत्तीला सहा महिने उरले होते. ऑफिसात त्याला पाठीमागे नियमकाका म्हणत, हेही त्याला ठाऊक होतं. उभ्या जन्मात त्यानं एक नियम वाकवला नव्हता. आजही वाकवायची गरज नव्हती.

“साहेब, अर्ज रीतसर आहेत. दप्तरखान्यात कागदाशिवाय दुसरं काही घेता येत नाही. सोबत वस्तू आली तर मंत्र्यांसमोर ठेवून लेखी आदेश घ्यायचा. नियम सत्तावीस.”

“अहो, कोण पाळतंय तो नियम?”

“मी पाळतो, साहेब,” तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. शिक्का सेहेचाळीस वेळा नीट उमटला. प्रत्येक नोंदीपुढे त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं : सोबत दप्तर एक. आणि नाव.

पोरांनी दप्तरं जिन्यानं वर नेली. मंत्र्यांच्या दारापासून बैठकीच्या खोलीपर्यंत ओळीनं लावली, बाकांच्या क्रमानं. कुणी घोषणा दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. काय पोरं होती! कारकून रजिस्टर घेऊन त्यांच्या मागोमाग वर आला.

बाराला दहा कमी असताना मंत्री बाहेर आले आणि थबकले. “हे कुणी मांडलं?”

“आपलाच शेरा आहे, साहेब,” कारकून रजिस्टर धरून म्हणाला. “दप्तरी दाखल. आता प्रत्येकावर आदेश हवा. काय लिहू?”

मंत्री वैतागून वाकले. त्यांनी एक पट्टी वाचली. मग दुसरी. अकराव्या दप्तराशी त्यांनी चष्मा काढून पुसला. सहायकानं घड्याळ दाखवलं, तेव्हा ते त्याच्यावरच खेकसले. शेवटी त्यांनी रजिस्टर मागून घेतलं आणि स्वतः लिहिलं : ‘मारा थांबेपर्यंत विक्री स्थगित. करार पुढे ठेवू नये.’

खाली आल्यावर पोरं रडतही होती आणि हसतही. कारकुनानं मुलीला बाजूला घेतलं. “एक सांगू का पोरी? रागावू नकोस. दप्तरी दाखल म्हणजे दप्तरं आणा असं नसतं गं. तुझी चूकच झाली. पण झाली ते बरं झालं.”

मुलीनं डोळे पुसले. “ठाऊक होतं, काका. नियम सत्तावीसही ठाऊक होता. माझी आई तळघरात दप्तरखाना सांभाळायची. तुम्ही खाली पाठवलेला कागद न् कागद तिनंच कपाटात लावला. ती सांगायची, वरच्या पहिल्या खिडकीतला माणूस देवासाठीसुद्धा नियम मोडायचा नाही.”

कारकुनानं वळून आपल्या खिडकीकडे पाहिलं.

“म्हणून तर दर सोमवारी रांग तुमच्याच खिडकीला लावली.”