माथ्यावरचं वर्तमानपत्र

घाटमाथ्यावर तो एकटाच पोहोचला. उतारावर छातीला गार वारा लागू नये म्हणून संघाच्या मदतनिसाने शिरस्त्याप्रमाणे त्याच्या हातात वर्तमानपत्र दिलं. त्याने अर्धी पानं जर्सीत खुपसली, उरलेली हात मागे करून धरली आणि सायकलचा वेग कमी केला.

"अरे, कुणाची वाट बघतोस?" कानातल्या रेडिओवर प्रशिक्षक ओरडले. "दोन मिनिटं मागे चिटपाखरू नाही. सूट!"

"गेल्या वर्षी घोरपडीने माझ्याकडे अर्धी पानं मागितली होती."

चढावर याला चिकटून राहायचा म्हणून त्या प्रतिस्पर्ध्याचं नाव घोरपड पडलं होतं. गेल्या वर्षी माथ्यावर त्याच्या मदतनिसाचा हात चुकला आणि त्याला कागद मिळाला नाही. उतारावर तो गारठला, बोटं आखडली, ब्रेक दाबता आला नाही आणि तो दरीत गेला. शर्यत याने जिंकली.

रेडिओवरचं बोलणं सगळ्या संघाला ऐकू जात असे. खाली चढावर घोरपडीचा धाकटा भाऊ होता; यंदाच संघात आलेला, आज निम्मा घाट पुढे राहून, वारा अंगावर घेत याला ओढत आणणारा.

"दादा," त्या भावाने रेडिओवर धापा टाकत विचारलं, "मग तू काय म्हणालास?"