आत्याची पाठ

"पप्पू, तू भाईर बस. गडीमाणसं मंडपात हायेत," बयाबाई म्हणाली आणि पाळण्याला झेंडूची माळ बांधायला वळली. तिच्या लेखी विषय मिटला.

प्रेरणा उंबऱ्यातच थांबली. अंगावर मोरपंखी साडी, हातात झबलं-टोपड्याची पिशवी. चाकणच्या कंपनीत सुपरवायझरला तोंडावर सुनावणारी ही बाई, पण इंदुरीच्या या माजघराच्या दारात तिनं पिशवी छातीशी धरली. जमलेल्या बायका तिच्याकडे बघत होत्या आणि बघत नसल्याचं दाखवत होत्या.

"काकी, पप्पूला कुणी बोलावलंच न्हाई," ती म्हणाली. "प्रेरणाला बोलावलंय. वहिनीनं, फोन करून."

वहिनी म्हणजे सृष्टी, भाऊ अमृतची बायको; बाळंतीण, तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. बयाबाईनं तिच्यावर डोळे वटारले. "अगं, नाव आत्यानं ठेवायचं असतंय. अमृतला सख्खी बहीण न्हाई, म्हणून तर माझ्या रजनीला बसवलंय. कोंडाजीभाऊंना दोन पोरगेच, साऱ्या गावाला ठावं हाय."

"गावाला काय ठावं असायचं ते असू दे," सृष्टी म्हणाली. "आत्या आल्याबिगर माझी पोर पाळण्यात जाणार न्हाई, हे मी सकाळीच सांगितलं. आता आली आत्या."

प्रेरणानं चपला काढल्या आणि आत आली. पाळण्याच्या खालून-वरून बाळ घ्यायला-द्यायला समोर कुणीतरी लागतं. आईची नजर चुकवून रजनी पलीकडे जाऊन उभी राहिली. बाळ या हातातून त्या हातात फिरलं, पाळण्यात निजलं. प्रेरणा वाकली. इवल्याशा कानाशी तिनं 'कुर्रर्र' केलं आणि म्हणाली, "इंद्रायणी."

नाव कानात पडलं की बायकांनी आत्याच्या पाठीत गुद्दे घालायचे, ही रीत. एरवी त्यासाठी एकमेकींना ढकलत पुढे येतात. आज एकही हात उठला नाही. कुणी पदर सारखा केला, कुणी उगाच छताकडे पाहिलं.

"झालं की. उरका आता," बयाबाई म्हणाली.

प्रेरणा सरळ झाली नाही. तशीच पाळण्यावर वाकून राहिली. कंबर भरून आली, कानशिलं तापली, तरी हलली नाही.

"न्हाई झालं," ती म्हणाली. "माझी पाठ हितंच हाय. मी न्हाई उठायची."

स्वयंपाकघराच्या दारात तिची आई, सरुबाई, घुगऱ्यांचं पातेलं घेऊन उभी होती. आता तिनं पातेलं खाली ठेवलं, ओला हात पदराला पुसला, बायकांमधून वाट काढत पुढे आली आणि लेकीच्या पाठीत सणसणीत गुद्दा घातला.

हा हात प्रेरणाच्या ओळखीचा होता. लहानपणी बांगड्या घातल्या म्हणून त्यानं तिला बडवलं होतं. आज त्याच हाताच्या बांगड्या तिच्या पाठीवर वाजल्या आणि तिचे डोळे भरून आले.

"बघताय काय गं, बायांनो?" सरुबाई कडाडली. "आत्या हाय ती. मारा की!"

पहिली मूठ रजनीनं वळली. मग दोघी पुढे आल्या, मग साऱ्याच. माजघरात एकच हसू फुटलं. पोर दचकून रडायला लागली, सृष्टीनं पाळण्याची दोरी ओढली.

गुद्दे थांबले. प्रेरणानं पाठ तशीच ठेवली.

"काकी," ती खालूनच म्हणाली, "तुमचा ऱ्हायलाय."