ग्राउंडची वायर

एकोणऐंशी सालची गोष्ट. मेहुण्यानं नागपूरच्या कॉलेजातून आणलेला, शिकायच्या छोट्या कॉम्प्युटरचा बोर्ड मंगरूळपीरच्या जगदेवनं भरदुपारी टेबलावर मांडला. हिरवी पाटी, सोळा बटणं आणि आकडे दाखवणारी काच. काळी वायर जोडायच्या जागी ‘ग्राउंड’ असं लिहिलेलं होतं.

ती खरं तर बोर्डाला वीज देणाऱ्या एलिमिनेटरच्या मायनसला जोडायची, आणि लाल वायर प्लसला. पण वीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेल्या जगदेवला ग्राउंड म्हणजे एकच ठाऊक होतं, अंगणातला मीठ-कोळसा पुरलेला अर्थिंगचा खड्डा. त्यानं काळी वायर खिडकीतून नेऊन तिथंच घट्ट बांधली आणि आत येऊन वीज जोडायला लाल वायर हातात घेतली.

बाहेर त्याच्या बायकोनं, विजयमालानं, रोजच्यासारखं खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतलं. तेवढ्यात काचेवर लाल आकडा उमटला.

लाल वायर अजून त्याच्या हातातच होती.

मग दुसरा आकडा आला. तो पुसला गेला, पुन्हा आला. कोणीतरी पहिल्यांदाच बटणं चाचपून पाहावीत, चुकावं आणि परत करावं, तसं चाललं होतं. बटणं मात्र जागची हलत नव्हती.

वायर टाकून जगदेव मागं सरला आणि पार भिंतीला जाऊन टेकला.

आकडे विझले. काळी वायर खिडकीच्या चौकटीवर घासत बाहेर जाऊ लागली. ती ताणली गेली तसा बोर्डही टेबलावरून हळूहळू सरकायला लागला.

“अजी,” विजयमाला बाहेरून वैतागून म्हणाली, “आतून कायले वायर सोडून राह्यले तुमी? सारी खड्ड्यात चालली.”