काचेमागचा जिना

“आणि तिथून, सगळ्यात वरच्या मजल्यावरून, तिनं उडी घेतली,” गाईड मुलगी म्हणाली.

शहरफेरीला आलेल्या सगळ्यांच्या माना वर गेल्या. बंद पडलेल्या त्या जुन्या दुकानाचा कोपरा गोल होता. वरपासून खालपर्यंत नुसती काच आणि काचेमागे वळत जाणारा जिना. कमान नाही, नक्षी नाही. एके काळी काही घ्यायचं नसलं तरी लोक तो जिना चढायला यायचे.

“बटणांच्या काउंटरवर होती. प्रेमात फसवलं कुणीतरी. अजूनही संध्याकाळी या जिन्यावर दिसते.”

“सेल लागला की जास्त दिसत असेल!” मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

घोळक्यातला एक म्हातारा मात्र हसला नाही. गोष्टीतली ती बाई त्याची बायको होती. बटणांचा खोका घेऊन उतरताना, नुकत्याच पुसलेल्या पायरीवर तिचा पाय घसरला होता. फसवलंबिसवलं कुणी नव्हतं. त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं, तेही पंखा किती जोरात लावायचा यावरून.

लेकीनं त्याला बजावून पाठवलं होतं. “बाबा, त्या शहरफेरीत आईच्या नावाला बट्टा लावतायत. तोंडावर सांगा, नाहीतर मी येते.”

घोळका पुढे सरकला तसं त्यानं गाईड मुलीला अडवलं.

“पोरी, जरा थांब. ती माझी बायको.”

मुलीचा चेहरा उतरला. “काका, शप्पथ, मला माहीत नव्हतं. जुन्या पेपरात दोन ओळी होत्या, जिन्यावरून पडून मृत्यू. बाकीचं मी रचलं. लोकांना असलं आवडतं. आजपासून बंद.”

“बाकीचं म्हणजे?”

“प्रेमाचं. उडीचं.”

“आणि दिसते ते?”

“तेही, काका. सगळंच खोटं.”

ज्यासाठी आला होता ते काम एका वाक्यात झालं होतं. आता घरी जाऊन लेकीला सांगायचं, एवढंच उरलं होतं. पण पाय निघेना. इतकी वर्षं तो या रस्त्याला फिरकला नव्हता. आज ‘दिसते’ हा शब्द कानावर पडला आणि बाकीचे हसत असताना तो एकटा एकेक पायरी बघत राहिला होता. आताही बघत होता. जिना रिकामा होता. काचेवर ऊन उतरत होतं.

“काका, खरंच नाही सांगणार पुन्हा.”

“फसवल्याचं नको सांगूस. उडीचंही नको,” तो म्हणाला. “दिसते, तेवढं राहू दे.”