टाचणी कुणाकडे बघते?

"परत बघितलं," तो पुटपुटला.

"कुणी? कुणाकडे?" ताईनं विचारलं.

"टाचणीनं. फ्री थ्रोच्या आधी मान वर करून इकडेच बघते. आपल्या बाजूला."

खाली फ्री थ्रोच्या, म्हणजे कुणी न अडवता बॉल टाकायच्या रेषेवर कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची कप्तान उभी होती. काटकुळी, टोकदार कोपरांची, म्हणून टाचणी. तिनं बॉलला एक टप्पा दिला, रिंगच्या वर नजर लावली, क्षणभर थांबली आणि बॉल सोडला. जाळी नुसती सळसळली.

आजूबाजूचे लोक हळहळले. रिंगमागच्या या गॅलरीत सगळे विरोधी संघाचे पाठीराखे बसत. रिंगच्या काचेच्या बोर्डामागे ते टॉवेल, वर्तमानपत्रं, छत्र्या जीव खाऊन हलवत, टाचणीचा नेम चुकावा म्हणून. तो मुद्दाम या शत्रूच्या गोटात जागा धरी. आपल्या मुली बास्केट करायला धावून येतात तेव्हा त्यांचे चेहरे फक्त इथूनच दिसतात, असं त्याचं म्हणणं.

"टाळ्या तरी वाजव रे," ताई म्हणाली. "मॅच बघतोयस की काचेखालचे जंतू?"

"टाळ्या वाजवल्या की बघायचं राहतं."

ताईनं कपाळाला हात लावला. भाऊ औषधांच्या प्रयोगशाळेत कामाला लागल्यापासून असाच झाला होता. तिथं तो दिवसभर इतकी बारीक भुकटी तोलायचा, की नुसता सुस्कारा सोडला तरी तराजूवरचा आकडा हलायचा.

पण बघण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. संघातली सगळ्यात उंच मुलगी, म्हणजे खांब, दमली की आधी डावा हात खाली पडतो. वकीलबाई पंचांशी भांडली की पुढचा पास हमखास चुकवते. हे सगळं त्याला पाठ होतं. कोडं होतं ते टाचणीचं.

पहिल्या हाफमध्ये तिचे फ्री थ्रो म्हणजे कधी लागला, कधी हुकला. दुसऱ्या हाफमध्ये दोन्ही संघ बाजू बदलत, टाचणी या रिंगकडे येई, आणि मग तिचा एकही थ्रो वाया जात नसे.

"उशिरा तापत असेल. आपला कुकर नाही का, शिट्टी द्यायला अर्धा दिवस घेतो," ताई म्हणाली.

"मी सराव बघितलाय. सरावात शेवटपर्यंत हुकतेच की. शिवाय पहिल्या हाफमध्ये ती अशी वर बघत नाही. म्हणजे जे काही आहे ते इथं आहे, ताई. या बाजूला."

त्यानं मान वळवली. बरोबर त्याच्या मागच्या रांगेत एक मफलरवाले काका बसले होते. प्रत्येक सामन्याला तिथंच. काकांनी कानाची पाळी चोळली. मग चष्मा काढला, पुसला, चढवला.

"खुणा करतायत," तो कुजबुजला.

"वडील असतील तिचे."

"वडील शत्रूच्या गोटात कशाला बसतील?"

"तू नाही का बसलास, दीडशहाण्या?"

पुढचा सामना अंतिम होता. कॉलेजनं कप कधी हातात धरला नव्हता. वर टाचणीचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष आणि राष्ट्रीय संघाची निवड समिती सामना बघायला येणार होती. हुकलं तर पुन्हा संधी नाही.

"मी परवा मध्यंतरात जागा बदलणार," घरी जेवताना त्यानं जाहीर केलं. "समोरच्या टोकाला जाईन. तिच्या पाठीमागून बघितलं की नजर नेमकी कुठं जाते ते कळेल."

"आणि कळून काय करणार?"

त्यानं पानातलं वरण ओरपलं. "काही नाही. कळेल."

"धन्य आहेस," ताई म्हणाली आणि त्याच्या पानात भात वाढला.

अंतिम सामन्यात ठरल्याप्रमाणे मध्यंतरात तो समोरच्या टोकाला गेला. दुसरा हाफ चुरशीचा झाला. शेवटी कॉलेज एका गुणानं मागं असताना टाचणीला धक्का लागला आणि पंचांनी दोन फ्री थ्रो दिले. दोन्ही लागले तर कप.

पलीकडची गॅलरी उसळली. त्याच्या रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी उभा राहून टॉवेल गरागरा फिरवत होता. त्याच्यामागे मफलरवाले काका मान छातीवर टाकून चक्क झोपले होते.

टाचणीनं टप्पा दिला. वर बघितलं. पुन्हा बघितलं. नजर डावीकडे गेली, उजवीकडे गेली. पंचांनी घाई केली. बॉल रिंगच्या कडेला आपटून बाहेर उडाला. दुसरा तर रिंगपर्यंतही पोचला नाही.

सामना संपला. टाचणी रेषेवरच खाली बसली. पण त्याचा हिशोब जुळला होता. काका झोपले, खूण मिळाली नाही, थ्रो हुकले. तो तरातरा गॅलरीत चढला आणि त्यानं काकांना हलवलं.

"काका, अहो, ऐन वेळी झोपलात!"

"मग काय करू?" काका डोळे चोळत म्हणाले. "बाहेर केवढा गारठा. इथं ऊब मिळते म्हणून येतो. कोण जिंकलं?"

तेवढ्यात पायऱ्यांवर बूट वाजले. टाचणी वर येत होती. गळ्यात टॉवेल, डोळे लाल. ती त्याला ओलांडून सरळ काकांसमोर उभी राहिली.

"काका, तुम्ही नेहमी इथं बसता ना? तुमच्या पुढच्या खुर्चीत एकजण असतात. अख्खी गॅलरी हलत असते, तेवढे एकटेच हलत नाहीत. त्यांच्यावर नजर रोवून मी थ्रो मारते." तिनं रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "आज आले नाहीत ते. बरे आहेत ना?"