कडक मलम

"खाज येते का, बाय?" अब्दुल हकिमांनी विचारलं.

"लय येते," जिजा चटकन म्हणाली. हकीम एवढंच विचारतात, म्हणून तर तिने त्यांच्याकडे येण्याचा हट्ट धरला होता.

"कडावपास्नं खाजवीतच आली हाय," तिचा नवरा गोमा म्हणाला. त्याच्या खांद्यावर ठकी झोपली होती, अजून अंगावर पिणारी. जिजाने दंडामागचा तो पांढुरका चट्टा खरंच वाटभर खाजवला होता, तोही बांगड्या वाजतील अशा बेताने, म्हणजे पुढे चालणाऱ्या नवऱ्याला ऐकू जावं.

कर्जतचा सरकारी दवाखाना काही लांब नव्हता. पण तिथला डॉक्टर डोळे मिटायला लावतो आणि टाचणी टोचून विचारतो, कुठे टोचलं? गावातल्या अंबूबाईला ते सांगता आलं नाही. महारोग ठरला. आता ती ओढ्यापलीकडे खोपटात राहते आणि घरचे लोक तिची भाकरी लांबच दगडावर ठेवून येतात. इतका हुशार डॉक्टर जिजाला काय करायचा होता? त्यापेक्षा हकीम बरे. खाज आली की नायटा, आणि नायट्याला मलम.

"मलम कडक हाय," हकीम म्हणाले. "मिरची लावल्यावानी आग हुईल. आग झाली म्हंजे लागू पडलं."

जिजाच्या जिवात जीव आला. ओरडायचंच ना, ओरडू. परक्या पुरुषासमोर बसलेली, म्हणून तिने पदर ओढून भिंतीकडे तोंड केलं, दंड पुढे केला आणि वाट पाहू लागली. बराच वेळ गेला.

"लावा की, हकीमसाब," ती म्हणाली. "सोशीन मी."

मग तिने वळून पाहिलं. दंडावर पिवळं मलम चांगलं जाड चोळलेलं होतं. हकीम फडक्याला बोट पुसत होते. गोमा तिच्या तोंडाकडे बघत होता.

"आई गं, आग झाली," जिजा म्हणाली. ते तिचं तिलाच खोटं वाटलं.

हकिमांनी डबीचं झाकण लावलं. "दादा, एकवार दवाखान्यात दाखवा," एवढंच ते हळू आवाजात म्हणाले.

बाहेर आल्यावर ठकी जागी झाली आणि रडू लागली. जिजाने हात पुढे केले. "द्या इकडं. भुकेली हाय ती."

गोमाने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "कुनाकडं गाईचं दूध मिळतंय का बघतो," तो म्हणाला आणि चालू लागला.

जिजा मागून निघाली, दंड खाजवत, बांगड्या वाजवत.

"आवो, लय खाजतंय," ती म्हणत होती. "लय खाजतंय."