कडेपर्यंत सारण

त्रिनिदादला आलेली सहलीची मंडळी बसने किल्ला बघायला गेली. त्यांचे स्वयंपाकी दिगंबर महाराज पिठल्यासाठी कोथिंबीर आणायला म्हणून निघाले, ते कोपऱ्यावरच्या रोटीच्या टपरीपाशी अडकले. अकरा वर्षांत सहलींबरोबर त्यांचे चौदा देश झाले होते. त्यांनी बघितली ती फक्त हॉटेलांची स्वयंपाकघरं.

टपरीवरची म्हातारी वाटलेली डाळ भरून पोळी लाटत होती. पुरणपोळीच, फक्त गुळाशिवाय. गिऱ्हाईकं तिला चक्क ‘आजी’ म्हणत होती. तिने बाकड्याकडे बोट दाखवलं. महाराज बसले, पण हात स्वस्थ बसेनात. तव्यावरची पोळी करपेल असं वाटून ते उठले आणि त्यांनी उलथनं उचललं. म्हातारीने ते काढून घेतलं आणि त्यांना दंडाला धरून परत बसवलं.

फोन वाजला. सहल नेणारी मृण्मयी विचारत होती, “महाराज, आहात कुठे? मंडळी साडेबाराला जेवायला येतील.”

“आलोच,” म्हणत ते अर्धे उठले, तेवढ्यात ताटली समोर आली.

सवयीने त्यांनी आधी पोळीची कड मोडून पाहिली. सारण कडेपर्यंत होतं. घास तोंडात घालून त्यांनी मान वर केली, तर म्हातारी लाटणं थांबवून त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती. ते रोज दारामागून मंडळींच्या तोंडाकडे बघत उभे राहतात, तशीच. मंडळींपैकी कुणी कधी मान वर करत नाही.

पोळी संपेपर्यंत बारा वाजले. महाराजांनी वाजणारा फोन खिशात घातला आणि रिकामी ताटली पुढे केली.

“आजी, अजून एक.”